मागचा आधी

१

बर्फाच्या कारखान्यात गॅस सुटला त्या दुपारी सगळे वाचले आणि मशीनघरातले आबा तेवढे गेले, यात कुणाला काही खटकलंही नसतं. ज्या गॅसच्या शेजारी जन्म काढला त्यानंच शेवटी नेलं, असं म्हणून लोकांनी डोळे टिपले असते आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागले असते. पण आबांना बाहेर आणून हिरवळीवर ठेवलं, तेव्हा माळी त्यांच्या उशाशी उभा राहून सहज बोलून गेला, "मला तर केव्हाच फोन आला होता. आबांना कसा नाही आला?"

आला होता. फोन आबांच्या मुठीत होता. ती मूठ सोडवायला दोघे लागले. फक्त तो सगळ्यांच्या शेवटी आला होता.

चौकशीला ज्या बाई आल्या त्यांचं नाव कारखान्यात कुणी विचारलं नाही. सगळे नुसतं 'बाई' म्हणत, आणि तेही जपून. उंच, सावळ्या, केस आखूड कापलेले, बोलणं मोजकं. समोरच्याचं बोलून झालं तरी त्या लगेच दुसरा प्रश्न विचारत नसत. मग समोरचा अवघडून आणखी थोडं बोले, आणि बाईंना हवं असे ते बहुतेक वेळा त्या आणखी थोड्यातच सापडे.

कंट्रोलरूममधल्या मावशींनी त्यांना सगळं समजावलं. पूर्वी कारखान्यावर भोंगा होता. आसपासच्या बंगल्यांतून तक्रारी आल्या म्हणून मॅनेजरसाहेबांनी तो उतरवला आणि त्याच्या जागी एक प्रोग्रॅम आला. गॅसची चाहूल लागली की तो आपोआप फोन लावत सुटतो. लाईन एकच, त्यामुळे एका वेळी एकालाच. त्यानं ऐकून बटण दाबलं की मग दुसऱ्याला.

"आणि फोनवर ऐकू काय येतं?"

मावशींनी कळ दाबली. खोलीत एका तरुण बाईचा आवाज भरून राहिला. स्वच्छ, मायेचा, पानं वाढून ठेवल्यावर घरातल्यांना हाक मारावी तसा. 'गॅस सुटला आहे. हातातलं काम टाका आणि बाहेर या.'

"कुणाचा आवाज हा?"

मावशींनी खाली बघितलं. "ताईंचा. हा प्रोग्रॅम त्यांनीच लिहिलाय. आता त्या दुसरीकडे नोकरी करतात." मग, बाई काही बोलेनात म्हणून, आणखी थोडं: "आबांची मुलगी ती."

२

मॅनेजरसाहेबांनी खुर्ची स्वतः ओढून दिली.

"मला विचाराल तर यात शोधण्यासारखं काही नाही, बाई. सांगतानाही वाईट वाटतं, पण लेकीच्या हातून बाप गेला. प्रोग्रॅम तिचा, क्रम तिचा, चूक तिची. तेवढं लिहा आणि त्या बिचारीला एकदाचं मोकळं होऊ द्या."

"असं लिहिलं की ती मोकळी होईल?"

साहेब चहा ढवळत राहिले. त्या चहात साखर नव्हती.

कंट्रोलरूमच्या भिंतीवर ताईनं काढलेलं एक झाड अजून चिकटवलेलं होतं. उलटं झाड, मूळ वर आणि फांद्या खाली. मुळाशी कंट्रोलरूम. तिला तीन लेकरं, डावीकडून उजवीकडे: मशीनघर, गोदाम, कचेरी. गोदामाच्या पोटी मुकादम. कचेरीच्या पोटी तिघं: हिशेब, लॅब, गेट. आणि गेटच्या पोटी, सगळ्यात खाली, एकटा माळी. प्रोग्रॅमनं हे झाड पातळीपातळीनं उतरायचं होतं. आधी सगळी लेकरं, मग सगळी नातवंडं, मग पतवंडं. वरची पातळी पुरी झाल्याशिवाय खालच्या पातळीच्या दाराला हात लावायचा नाही. तसं झालं असतं, तर पहिलीच घंटा मशीनघरात वाजली असती.

बाईंनी कुणालाच वेळ विचारली नाही. घाबरलेल्या माणसाला वेळ सांगता येत नाही. पण आपण धापा टाकत बाहेर आलो तेव्हा समोर कोण उभं होतं, हे तो विसरत नाही. प्रत्येकाला त्यांनी तेवढंच विचारलं.

साहेब आले तेव्हा हिरवळ रिकामी होती. गेटवरचा जमादार आला तेव्हा साहेब होते. माळ्याला साहेब आणि जमादार दिसले. लॅबवाल्या बाईंना ते तिघं. मग हिशेबातल्या बाई, साहेबांच्या सख्ख्या मेहुणी, ज्यांचा राग अजून उतरला नव्हता.

"डबा खात होते मी. फोन पर्समध्ये. वाजत राहिला असेल, कोण लक्ष देतं? बाहेर येऊन बघते तर माळी आरामात फावड्यावर हनुवटी टेकून उभा. भावजी मॅनेजर, आणि माझा नंबर माळ्याच्या नंतर. सांगायची सोय नाही हो कुणाला."

आपला फोन पर्समध्ये वाजत होता तेवढा वेळ आबांची लाईन अडली होती, हे त्यांच्या गावी नव्हतं. बाईंनी ते सांगितलं नाही. कुणीतरी नंतर सांगेलच, आणि मग मेहुणींना डबा गोड लागायचा नाही.

मेहुणींनंतर गोदामवाले, मग मुकादम. मुकादमानंतर बाहेर कुणी आलंच नाही.

सगळ्यांचं बोट कचेरीकडे होतं. "साहेबांनी आपली माणसं वर घातली, दुसरं काय," मुकादम म्हणाला आणि थुंकला. बाईंनाही क्षणभर तसंच वाटलं. पण मग त्या पुन्हा त्या झाडापुढे जाऊन उभ्या राहिल्या. आपली माणसं वर घालणारा माणूस मेहुणीच्या आधी माळ्याला वाचवेल? मेहुणीला मागे ठेवून कोणता भावजी घरी जाईल?

त्यांनी बोट फिरवलं. कचेरी, गेट, माळी, लॅब, हिशेब, गोदाम, मुकादम, मशीनघर. प्रत्येक घरात शेवटचं पोर आधी उठवलेलं, आणि एका लेकाच्या घरात शिरल्यावर ते घर तळापर्यंत रिकामं केल्याशिवाय दुसऱ्या लेकाचं दार वाजवलेलंच नाही. यात कुणाची वशिलेबाजी नव्हती. वशिला इतका काटेकोर नसतो.

प्रोग्रॅम एक रांग ठेवतो. ज्याला फोन केला त्याची लेकरं रांगेच्या शेपटाला उभी करतो आणि तोंडाशी असलेल्याला पुढचा फोन करतो. तोंडाऐवजी शेपटाकडून काढत गेलं, तर नेमका हाच क्रम येतो. म्हणजे कुणी कुणाला पुढं घातलं नव्हतं. कुणीतरी रांगच उलटी धरली होती.

आणि ताईनं नोकरी सोडल्यानंतर त्या प्रोग्रॅमला हात लावणारा माणूस एकच होता.

३

त्याला सगळे 'नवा' म्हणत. त्याच्यानंतर दोघं-तिघं येऊन जुनेही झाले होते, पण हा नवाच राहिला होता. बाईंनी विचारण्याआधीच तो म्हणाला, "हात मीच लावला."

"का?"

"कंट्रोलरूमचं मशीन बदललं. रांगेतून माणूस काढायची जुनी आज्ञा त्याला कळेना. ते काम मला परत लिहावं लागलं."

"आणि माणूस कुठून काढलास?"

"शेपटाकडून."

"पातळीनं उतरायचं तर तोंडाकडून काढतात. हे शिकवलं नव्हतं तुला?"

"शिकवलं होतं ना. पण झाड ताईंचं. त्यांनी नावं कशी भरलीत, का भरलीत, मला काय ठाऊक? म्हणून त्यांनाच फोन केला."

"काय विचारलंस? शब्द न् शब्द सांग."

नव्यानं डोळे मिटले. पाठ केलेलं म्हणावं तसं तो म्हणाला, "विचारलं, ताई, आधी कुणाला काढायचं, पुढच्याला की मागच्याला? त्या म्हणाल्या, मागच्याला. मागचा राहिला असेल तर पुढच्याला हात लावायचा नाही."

"आणि तुला ते विचित्र नाही वाटलं?"

"वाटलं. मग वाटलं, महत्त्वाची माणसं त्यांनी शेवटी भरली असतील. त्यांचा बाप होता हो तिथं. बापाच्या बाबतीत मी त्यांच्यापेक्षा शहाणा कसा होणार?"

"चाचणी घेतली नाही?"

"घेतली. साहेब म्हणाले, चालू दिवशी काम थांबवायचं नाही, सुट्टीच्या दिवशी उरका. मग कचेरीत साहेब, गेटवर जमादार आणि बागेत माळीदादा, एवढेच होते. बाकीच्यांची नावं त्या दिवसापुरती काढून ठेवली होती. आधी साहेबांना फोन आला, मग गेटला, मग माळीदादांना. अगदी बरोबर." त्यानं ओठ चावला. "साहेबांनी पाठ थोपटली माझी."

बाई उठल्या. मुलगा खोटं बोलत नसेल, तर बापाला शेवटी ठेवायला लेकीनंच सांगितलं होतं.

४

ताईच्या घरात दोरीवर लहान मुलाचे कपडे वाळत होते आणि ते काढायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ती बसली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली.

"आई माझ्याशी बोलत नाही," ती म्हणाली. "समोर बसते, पण बोलायचं झालं की शेजारच्या काकूंना म्हणते, हिला सांगा चहा झालाय. आबांना न्यायला आले तेव्हासुद्धा, हिला सांगा बाजूला हो. मला एक नाव द्या, बाई. ज्यानं केलं त्याचं. मी ते आईला नेऊन देईन. एवढंच करा माझ्यासाठी, बाकी काही नको."

"नव्यानं तुला फोन केला होता?"

"हो. पोराला आंघोळ घालत होते. खांद्यात फोन धरून बोलले."

"त्यानं काय विचारलं?"

"पुढच्याला आधी काढू की मागच्याला."

"आणि तू?"

"म्हटलं, मागच्याला. मागचा राहिला असेल तर पुढच्याला हात लावायचा नाही." तिचा आवाज चढला आणि तिथेच फाटला. "बरोबरच सांगितलं होतं मी. शपथ घेऊन सांगते. त्यानं ऐकलं नाही, आपल्या मनाचं केलं. तोच आहे ना? सांगा ना, तोच आहे?"

बाई गप्प राहिल्या, पण या वेळी समोरच्याला बोलतं करायला नव्हे. चौकशीत दोघांचे जबाब वेगळे निघाले की एक खोटा ठरतो. इथं अक्षर न् अक्षर एक होतं. जो शब्द मुलगा आपल्या बचावाला दाखवत होता, तोच मुलगी त्याच्या गुन्ह्याला. दोघांचंही खरं असेल, तर आबा मेले कसे?

५

उत्तर दुसऱ्या दिवशी गेटवर पायाखालून वाहत आलं.

बर्फाच्या दोन गाड्या निघायच्या होत्या, एकीमागे एक. माळ्याला पलीकडच्या वाफ्याला पाणी न्यायचं होतं, पण पाइप रस्त्यावर टाकला तर गाड्यांखाली यायचा. जमादारानं त्याला बजावलं होतं. तरी दुसऱ्या गाडीनं पाइप चेचलाच. बाई पोचल्या तेव्हा पाण्याचं कारंजं उडत होतं आणि दोघं भिजत भांडत होते.

"तुला म्हटलं नव्हतं, मागची गाडी गेली की टाक?"

"मग गेली नव्हती का मागची? मघाशी एक गेली, ती कोण तुझी सासू गेली?"

"ती पुढची होती, शहाण्या. पुढं उभी होती ती पुढची."

"पुढची म्हणजे आता येणारी. मागची म्हणजे होऊन गेलेली. मागचा उन्हाळा म्हणतोस ना? तो काय अजून यायचाय?"

"उन्हाळा रांगेत उभा राहतो का रे?"

"तू गेटवर उभा राहून राहून तसाच झालायस. तुला सगळं जग रांगेतच दिसतं."

बाईंच्या चपला पाण्यात बुडाल्या होत्या. त्या हलल्या नाहीत.

मागचा. काळाच्या वाटेवर मागचा म्हणजे जो आधी होऊन गेला तो. रांगेत मागचा म्हणजे जो नंतर आला तो. एकाच शब्दाची दोन तोंडं, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. रोजच्या बोलण्यात हात दाखवून, नजर फिरवून, आपण नकळत त्यातलं एक निवडतो. पण फोनवर हात दिसत नाही.

आणि त्या मुलानं विचारताना रांग हा शब्द उच्चारलाच नव्हता. पुढचा की मागचा, एवढंच. त्याच्या डोळ्यांपुढे रांग होती. आंघोळ घालणाऱ्या लेकीच्या डोळ्यांपुढे तिचं झाड होतं: मागची पातळी, पुढची पातळी. मागच्या पातळीतला एकही राहिला तर पुढच्या पातळीला हात लावायचा नाही. तिनं आपल्या बापाला सगळ्यांच्या आधी हाक मारायला सांगितलं होतं. त्यानं ते ऐकलं, मान डोलावली, आणि सगळ्यांच्या शेवटी मारली.

मग त्यांना ती सुट्टीच्या दिवशीची चाचणी आठवली. साहेबांच्या खाली जमादार, जमादाराच्या खाली माळी, फांदीच्या शेजारी दुसरी फांदी नाहीच. रांगेत कधीही एकाहून जास्त माणूस उभा नव्हता. आणि एकट्याच्या रांगेत पुढचाही तोच असतो, मागचाही तोच. तोंडाकडून काढा नाहीतर शेपटाकडून, क्रम एकच यायचा. भरल्या कारखान्यात एकदा घंटा वाजवली असती, तर माळी आबांच्या आधी बाहेर आलेला सगळ्यांनी पाहिला असता, हसले असते, आणि दुरुस्त झालं असतं.

६

साहेबांना कळायला वेळ लागला नाही. वेळ लागला असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

"म्हणजे 'मागचा' हा शब्द तिचाच." त्यांनी कोरा कागद नव्याकडे सरकवला. "लिही बाळा. ताईंनी मागचा काढायला सांगितला, मी काढला. खोटं काही नाही यात. सही कर, सूट."

नवा कागदाकडे बघत राहिला. खरंच खोटं काही नव्हतं त्यात.

"साहेब," तो म्हणाला, "त्यांनी जे सांगितलं ते मी लिहीन. मी काय समजलो तेही लिहीन. आणि चाचणी कोणत्या दिवशी घ्यायला लावली, कुणी लावली, तेही."

"नोकरी जड झालीय का रे?"

"झालीय. दुपारी इथं बसलं की त्या ताईंचा आवाज ऐकू येतो."

साहेबांनी कागद परत ओढून घेतला. मग बाईंकडे वळून ते अगदी गोड आवाजात म्हणाले, "तुम्ही काय लिहिणार?"

"शब्दाला शिक्षा देणारं कलम नाही," बाई म्हणाल्या. "भोंगा उतरवायला आहे. चाचणीचं नाटक करायला आहे. ते लिहिणार."

"मग लावू की भोंगा," साहेब म्हणाले. "त्यात काय. उद्याच लावू."

एवढं सोपं होतं ते. बाई तिथून उठल्या, कारण आणखी थोडं बसल्या असत्या तर त्यांच्या तोंडून चौकशीत न बसणारं काहीतरी गेलं असतं.

जाता जाता त्या ताईकडे थांबल्या आणि जे होतं ते सांगितलं. ती रडली नाही. एकदाच म्हणाली, "नुसतं 'जो आधी आला तो' म्हटलं असतं तर?" मग ती म्हणाली, "आईला तुम्ही सांगा. माझ्या तोंडून नको."

७

आबांच्या घराचं दार आईनंच उघडलं. लेक पायरीवर, बाई तिच्या पुढे. आईनं बाईंकडे बघूनच विचारलं, "हिला नाव मिळालं का, विचारा."

बाईंनी तिथेच, दारात उभं राहून सांगितलं. झाड सांगितलं, रांग सांगितली, तो फोन सांगितला. भोंग्याचं आणि चाचणीचंही सांगितलं, पण ते आईच्या कानांवरून निघून गेल्यासारखं वाटलं. ती एका हातानं चौकट धरून ऐकत होती.

"म्हणजे खोटं कुणीच बोललं नाही?"

"नाही."

"त्या पोरालाही यांना वाचवायचंच होतं?"

"हो."

"आणि हिलाही?"

"सगळ्यांच्या आधी."

आई चौकटीवरून अंगठा फिरवत राहिली, जणू तिथं काही चिकटलं होतं.

"इतके दिवस राग तरी होता," ती म्हणाली. "त्याच्या आधारानं उठत होते, बसत होते. तोही तुम्ही काढून नेलात. आता काय धरू?"

बाईंनी असे प्रश्न पूर्वीही ऐकले होते. त्यांची उत्तरं द्यायला कुणी पाठवत नाही.

"हिला सांगा," आई म्हणाली आणि थांबली. पुन्हा सुरुवात केली. "हिला म्हणावं..." पुन्हा थांबली. "नकोच. मी एक म्हणायची आणि हिला दुसरंच ऐकू जायचं. माझ्याच्यानं आता काही बोलवत नाही."

"आई," लेक म्हणाली. तेवढंच.

बाई पायऱ्या उतरून फाटकापाशी गेल्या, आणि कडी लावता लावता त्यांनी एकदा वळून पाहिलं. आई चौकट सोडून बाजूला झाली होती, तोंड भिंतीकडे. ती वाट दिली होती की पाठ फिरवली होती, लेकीला कळलं नाही. ती तिथेच उभी राहिली.